दोषनोंद

सॉफ्टवेअरमधला बिघाड दुरुस्त करणाऱ्याला स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवता येईल, इतक्या तपशिलाने कळवणे म्हणजे दोषनोंद. बोलताना ‘बग टाकणे’ किंवा ‘इश्यू टाकणे’ म्हणतात. मुक्तस्रोत प्लगइन (साइटला जादा सोय देणारे, मूळ कोड सर्वांना खुला असलेले जोड-सॉफ्टवेअर) बहुधा एकदोघे जण फावल्या वेळात सांभाळतात; ‘साइट चालत नाही’ एवढ्यावरून त्यांना काहीच शोधता येत नाही.

खान्देशात बातम्या, बाजारभाव आणि अहिराणी साहित्याच्या वर्डप्रेस (साइट चालवण्याचे सॉफ्टवेअर) साइटवरील तक्रारी बहुतेक फोनवर किंवा व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपातून येतात, त्याही अहिराणीत. नोंद करणाऱ्याने त्या ऐकतानाच तीन गोष्टी विचाराव्यात: कोणते पान, कोणता ब्राउझर, किती वाजता. वेळ फार उपयोगी पडते. वर्डप्रेसच्या डीबग लॉगमधली, म्हणजे बिघाड आपोआप नोंदवणाऱ्या फाइलमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. धुळ्याच्या वाचकाला सकाळी ९.१५ला कोरे पान दिसले असेल, तर लॉगमध्ये ३.४५ची ओळ पाहावी.

त्यानंतर दोष नेमका कोणाचा ते ठरवावे. साइटच्या प्रतीवर वर्डप्रेसची मूळ थीम (पानांची मांडणी) लावून निम्मे प्लगइन बंद करावेत. दोष उरला तर चालू असलेल्यांतले निम्मे, गेला तर बंद केलेल्यांतले निम्मे पुन्हा तपासावेत. एकाच प्लगइनचा दोष असेल तर सोळांतून तो चार चाचण्यांत सापडतो. दोन प्लगइन एकमेकांत अडकले असतील तर ही रीत फसते. तेव्हा संशयित प्लगइन चालू ठेवून बाकीचे एकेक करून जोडावे लागतात. वर्डप्रेस आणि प्लगइनच्या आवृत्त्यांची यादी हाताने लिहू नये, वर्डप्रेस ५.२पासून (२०१९) ‘साइट हेल्थ’ या पानावरून ती जशीच्या तशी उचलता येते.

मराठी मजकुराच्या दोषात स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ मजकूर चिकटवावाच लागतो. ‘शेतकऱ्यांना’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोड या अक्षरसंकेताच्या प्रमाणीकरणानेही (एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करण्यानेही) ती दोन रूपे एक होत नाहीत, म्हणून शोध प्लगइनमध्ये वेगळा नियम नसेल तर लेख समोर असूनही सापडत नाही. चित्रावरून हे कळणे अशक्य. भावाच्या तक्त्यात ‘१२००’ हा ‘९५०’च्या आधी लागला, तर आकडे मजकूर म्हणून लावले जात आहेत, अशा नोंदीत अंक देवनागरी आहेत की रोमन, हे लिहावे.

काही तक्रारी चुकीच्या दारी जातात. वर्डप्रेसमध्ये दुव्यातल्या शीर्षकाला २०० जागा असतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सांकेतिक रूपात नऊ जागा घेते. ‘रावेर तालुक्यातील केळीचे आजचे भाव’ या शीर्षकाचा दुवा ‘केळीचे’पाशीच तुटतो: २२ चिन्हांच्या १९८ जागा आणि दोन जोडरेषा. यात प्लगइनचा दोष नाही. दुवा हाताने आखूड करावा.

नोंद टाकण्याआधी जुन्या नोंदी शोधाव्यात. तोच दोष आधी कोणी कळवला असेल तर त्याच्याखालीच आपला तपशील जोडावा. लॉगमधले पासवर्ड, वाचकांचे फोन नंबर आणि सर्व्हरवरचे फाइलींचे मार्ग खोडावेत. साइटमध्ये बाहेरच्याला शिरता येईल असा दोष सापडल्यास तो उघड नोंदवू नये. प्लगइनच्या कर्त्याला खासगीत कळवावा आणि दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत ते प्लगइन बंद ठेवावे.