हाक कुणाची, खूण कुणाची?

क्यूबातली एक वेल वटवाघळाला हाक मारते, असं वाक्य ऐकायला छान वाटतं. पण त्यात दोघांच्या कामांची गल्लत होते. वेल मुकीच आहे, आवाज सगळा वटवाघळाचा.

ग्लॉसोफॅगा सोरिसिना हे जेमतेम 10 ग्रॅमचं, मकरंदावर जगणारं वटवाघूळ. फुलासमोर क्षणभर हवेत थबकून ते लांब जीभ आत घालतं, आणि पोट भरायला एका रात्रीत शेकडो फुलं गाठतं. अंधारात ते आपल्याला ऐकू न येणारे आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ताडतं. पण दाट पानांतून असंख्य प्रतिध्वनी एकदम परततात, आणि वटवाघूळ जरा सरकलं की ते सगळे बदलतात. त्या गलक्यात फूल शोधायचं कसं?

क्यूबातल्या त्या वेलीचं, मार्कग्राव्हिया इव्हेनियाचं, काम इथे सुरू होतं. तिच्या फुलोऱ्याच्या वर एखाद-दुसरं पान उभं असतं, इतर पानांसारखं सपाट नाही, तर द्रोणासारखं खोलगट. मकरंदाच्या वाट्या त्याच्या खाली लोंबतात. द्रोणावर आदळलेला आवाज जोरात परततो, आणि वटवाघूळ डावीकडून आलं काय किंवा उजवीकडून, त्याचा ठसा जवळपास तसाच राहतो. सगळं बदलत असताना न बदलणारी एक खूण! मला तरी पानाच्या आकाराचा याहून सुंदर उपयोग माहीत नाही.

2011 मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या प्रयोगात कृत्रिम पानांच्या पसाऱ्यात मकरंदाचं भांडं लपवलं होतं. त्यावर द्रोणपानाची प्रतिकृती बसवली, तेव्हा ते शोधायला लागणारा वेळ सुमारे निम्म्यावर आला. प्रयोगातली वटवाघळं सोरिसिना होती. क्यूबात या वेलीवर येतं ते मोनोफिलस रेडमानी हे वेगळं वटवाघूळ. या दोन नावांचीही गल्लत होऊ शकते.

अशीच एक वेल मध्य अमेरिकेत आहे, म्युकुना होल्टोनाय, आपल्या खाजकुइलीच्या जवळच्या नात्यातली. तिच्यात आवाज परतवते ती पाकळी, पान नव्हे. फूल तयार झालं की वरची खोलगट पाकळी उभी राहते. संशोधकांनी त्या खोलगट जागेत कापूस भरून पाहिला. मकरंद होता तसाच होता, तरी वटवाघळांच्या फेऱ्या घटल्या.