झाकलेले नैराश्य

झाकलेले नैराश्य : बाहेरून कर्तबगार, हसतमुख आणि कामसू दिसणाऱ्या व्यक्तीला आतून जडलेला नैराश्याचा विकार. मानसोपचारशास्त्रात हे स्वतंत्र निदान नाही. तपासणीअंती अशी व्यक्ती बहुधा सौम्य ते मध्यम नैराश्यात किंवा डिस्थायमियात, म्हणजे किमान दोन वर्षे रेंगाळणाऱ्या नैराश्यात, मोडते. निदानासाठी रडवेपणा दिसलाच पाहिजे असे नाही. कशातच गोडी न वाटणे हे प्रमुख लक्षण इतर लक्षणांसह दोन आठवडे टिकले, तरी ते पुरेसे असते. गोडी हरवण्याच्या या अवस्थेला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८९६ मध्ये ‘अॅनहेडोनिया’ ही संज्ञा दिली.

हा विकार ओळखता येत नाही तो मुख्यतः कामामुळे. देवगड-रत्नागिरी पट्ट्यातील एखादा हापूस बागायतदार डोळ्यांसमोर आणावा : मे महिन्यात त्याच्या पेट्या वेळेवर वाशीला पोचतात, गड्यांची मजुरी चुकती होते, ग्रामसभेत तोच पुढे होऊन बोलतो, पण अढीचा पेंढा बाजूला सारताच घरभर सुटणारा घमघमाट त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि सबंध हंगामात त्याने आंब्याची एक फोडही चवीने खाल्लेली नसते. मुंबईहून गणपतीला येणारा चाकरमानीही असाच. मखरापासून विसर्जनापर्यंत सगळे तोच निभावतो, मात्र भजनाची बारी, म्हणजे सामना, रंगली की पूर्वी पखवाज न सोडणारा हा माणूस खळ्यात मागे उभा राहतो आणि विचारले तर ‘बरा आसंय’ म्हणून विषय संपवतो. पहाटे नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येणे, चिडचिड, कारण न सापडणारी अंगदुखी, रोजची ‘थोडीशी’ दारू ही लक्षणेही आढळतात. पण सर्वांत बोलके लक्षण म्हणजे मोठे यश मिळाल्यावर आनंदाऐवजी केवळ सुटल्यासारखे वाटणे.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग अनेक वर्षे राज्यात पहिला येतो. हुशार मुलाने थकू नये, अशी घराची अपेक्षा तिथूनच सुरू होते आणि पुढे तो स्वतःच तिचा पहारेकरी बनतो. घरात शंका आलीच, तर अनेकदा आधी देवाला गाऱ्हाणे घालून कौल लावला जातो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण त्या निमित्ताने दुःख चारचौघांत उच्चारले तरी जाते. मात्र त्यापायी डॉक्टरांकडे जाणे लांबता कामा नये. थायरॉइडची कमतरता किंवा ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांतूनही अशीच मरगळ येत असल्याने रक्ततपासणी आवश्यक ठरते.

हरवलेली गोडी परत आणण्याच्या उपचारांपैकी ‘वर्तन-सक्रियता’ ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांच्या १९७०च्या दशकातील कामातून पुढे आली. मन लागेल तेव्हा करू, असे म्हणत न थांबता ठरल्या वेळी छोटी कृती करायची, कारण गोडी कृतीच्या मागून येते, हे तिचे सूत्र. कर्तबगार माणूस इथेही गफलत करतो : पखवाज पुन्हा हाती घेतला की त्याला लगेच बारी जिंकायची असते. म्हणून ज्यात हिशेब मांडता येत नाही असे काही निवडणे बरे. ओहोटीच्या वेळी खडकावर गरी टाकून बसावे, मासा लागो वा न लागो. गरजेनुसार औषधेही दिली जातात. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात आणि बरे वाटू लागले म्हणून ती मनाने बंद करायची नसतात.

रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचे आहे, पण त्या दारात कुणी पाहिले तर गावभर होईल, या धास्तीने पुष्कळजण तिकडे फिरकत नाहीत. त्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर घरबसल्या मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याची भाषा कानी आल्यास मात्र वाट न पाहता थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही.

सुधारणा बहुधा घरच्यांना आधी दिसते. रुग्ण ‘काही फरक नाही’ म्हणत असतो, तेव्हा त्याने आंब्याची दुसरी फोड उचललेली त्यांनी पाहिलेली असते.