खाजण

खाजण : नदीमुखाजवळची, एरवी भरतीच्या पाण्याखाली जाणारी आणि बांध घालून लागवडीला आणलेली सखल जमीन. कोकणीत 'खाजन'. गोव्यात मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल आणि साळ या नद्यांच्या काठी मिळून अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. रायगडातला खारेपाट ही तिची चुलत बहीण म्हणता येईल : तिथेही बांध, तिथेही भात, तिथेही खारे पाणी राखणारी दारे, फक्त नाव 'उघाडी'. सहाव्या शतकाच्या आसपासच्या अनिर्जितवर्मन राजाच्या ताम्रपटात खाजण जमिनीचा उल्लेख येतो, तेव्हा ही विद्या किमान दीड हजार वर्षे जुनी आहे.

खाजणाची पातळी भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते. चिखल, पेंढा, बांबू आणि जांभ्या दगडाचा बांध नदीला बाहेर ठेवतो, आणि बांधाच्या नदीकडच्या अंगाला वाढलेली खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते. पण नुसता बांध पुरत नाही, कारण पावसाळ्यात आत साचलेले पाणी बाहेरही जायला हवे. त्यासाठी बांधात ठेवलेले लाकडी दाराचे तोंड म्हणजे 'मानस'.

मानशीचे दार पारंपरिक पद्धतीत माणसाने ढकलावे लागत नाही. ते नदीच्या बाजूला उघडते, आतल्या बाजूला चौकटीवर टेकते. ओहोटीला आतले पाणी उंच, ते दार बाहेर ढकलून निघून जाते. भरतीला बाहेरचे पाणी चढते आणि तेच दार लावून घेते. समजा, भरतीत दाराबाहेर पाणी दीड मीटर आहे आणि आत अर्धा मीटर. दाराच्या दर मीटर रुंदीमागे बाहेरचे पाणी सुमारे ११२५ किलो वजनाइतक्या बलाने ढकलते, आतले १२५ किलोइतक्या. खोली तिप्पट, बल मात्र नऊपट. कारण खोल जावे तसा दाबही वाढतो आणि दाब झेलणारे लाकूडही. वजाबाकी करून उरते ते एक टन, आणि तेवढे बल दार चौकटीवर घट्ट दाबून धरते. जी नदी शेत बुडवायला आली, तिच्याच जोराने दार बंद राहते. भौतिकशास्त्राच्या धड्यात परस्परविरुद्ध बलांचे उदाहरण म्हणून रस्सीखेच देण्याची प्रथा आहे. किनाऱ्याजवळच्या शाळांनी मुलांना तासभर मानशीवर नेऊन बसवले तर जास्त कळेल.

जाताना एक वही न्यावी. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पाण्याची उंची. बाहेरच्या पाण्याची रेषा दिवसात दोनदा चढते, दोनदा उतरते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. आतली रेषा उतरताना तिच्यामागे थोडी जाते, चढताना जात नाही.

भरती रोज उशिरा येते, हे कोकण किनाऱ्यावरचे दर्यावर्दी आलेख न काढता सांगत आले : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. आलेखावर ही सरळ रेषा येते, दर तिथीला ४५ मिनिटांचा चढ असलेली. खरे तर पंधरा तिथींत भरतीची वेळ १२ तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. रोजच्या तीन मिनिटांची चूक पौर्णिमेपर्यंत साचून पाऊण तासाची होते, आणि प्रतिपदेला पुन्हा एकपासून मोजायला लागले की पुसली जाते. प्रत्येक बंदरात नेमकी वेळ थोडी पुढेमागे असतेच, पण होडी काढायला एवढे पुरते.

आत जे घडते ती माणसाने बांधलेली परिसंस्था. पावसाने मातीतले मीठ धुतले जाते, तेव्हा 'कोरगुट' हे उंच वाढणारे, खारेपणा सोसणारे भात घेतात. कापणी झाल्यावर काही ठिकाणी खारे पाणी आत घेतात. कुजलेल्या धसकटांवर आणि शेवाळावर कोळंबी पोसते, काळुंदर येते, त्यांच्या मागे चोणक, जिला रायगडात जिताडा म्हणतात. बगळे, खंड्या आणि पाणमांजरे आपला वाटा घेऊन जातात. ओहोटीला मानशीच्या तोंडावर जाळे लावून मासळी धरायचा हक्क गावकारी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी गावकऱ्यांची संस्था (पोर्तुगीज अमदानीत तिचे नाव कोमुनिदाद), लिलावाने देई. बांधाच्या डागडुजीचा खर्च गावाच्या अशाच उत्पन्नातून निघे. म्हणजे कोळंबी बांध राखत होती, असे म्हटले तरी चालेल.

खाजणांत मगरीही असतात. फोंडा तालुक्यातल्या दुर्भाट परिसरात पौष महिन्यात शेताच्या कडेला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. या विधीला 'मांगे थापणी' म्हणतात. बांधाची राखणदार म्हणून तिला हा मान.

गोव्यात १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्यांचा हक्क पक्का होत गेला, ते न्याय्यच होते. बांधांची देखभाल कूळ संघांकडे आली, तिथे मात्र अनेक गावांत ढिलाई झाली. लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी काठ खाल्ले. कुठे कोळंबीच्या लोभाने मानस भलत्या वेळी उघडी ठेवली गेली आणि भाताची जमीन खारावली.

बांधाचे मरण बहुधा लहानशा भोकातून येते. खेकड्याने बीळ केले, पाणी झिरपू लागले, उधाणाच्या एका भरतीत तिथे खांड पडली. दोन-चार वर्षांत शेतात खारफुटी उगवते, आणि मग ते 'निसर्गाचे पुनरागमन' समजून सुखावणारेही भेटतात. खारफुटी चांगलीच, पण तिची जागा बांधाच्या बाहेर होती. खांड पडलेल्या खाजणात वही घेऊन बसले तर आलेखावरच्या दोन रेषा, आतली आणि बाहेरची, जवळजवळ एकमेकींवर पडलेल्या दिसतात.