फुकट येणाऱ्या माणसाचा खर्च

परदेशातून स्वयंसेवक येणार म्हटलं की संस्थेच्या बैठकीत पहिला विषय निघतो जेवणाचा. तिखट चालेल का, आरओचं पाणी आहे का, संडास कसला आहे. पैशाचा विषय अगदी शेवटी, चहाचे कप उचलले जाताना, आणि तोही "ते तर फुकट काम करणार आहेत ना?" एवढ्यावर संपतो. मराठवाड्यातल्या एका संस्थेत मी काही वर्षं हिशेबाच्या टेबलावर होतो. हे वाक्य तिथे इतक्यांदा ऐकलं की फुकट येणाऱ्या माणसाचा खर्च आजवर कोणी कोणी उचलला, हे एकदा मागं जाऊन बघावंसं वाटलं.

सुरुवात युद्धातून झाली. पिएर सेरेसोल या स्विस माणसानं 1920 साली फ्रान्समध्ये व्हर्दँजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त गावात स्वयंसेवकांची छावणी लावली. शत्रुराष्ट्रांतल्या तरुणांनी मिळून गाव बांधायचं, ही कल्पना. कल्पना चांगली होती, पण छावणीत जर्मन आहेत म्हटल्यावर विरोध झाला आणि काही महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. हात होते, मन होतं. ज्यांच्या गावात जायचं त्यांच्याशी बोलणी नीट झालेली नव्हती. त्यातूनच पुढं 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' उभी राहिली. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा सेरेसोल इथे आले. या वेळी मदतकार्याची स्थानिक यंत्रणा आधीच उभी होती आणि तिच्या डोक्यावर राजेंद्रप्रसादांसारखा माणूस होता. मुजफ्फरपूर भागात मोजकेच युरोपीय, पण काही वर्षं टिकून काम झालं. पुढं याच संघटनेचे स्वयंसेवक बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन बांधकामाला लागले. महाराष्ट्रात 'श्रमदानाला आलेला गोरा माणूस' हे चित्र बरंचसं तिथून रुजलं.

मराठवाड्याची गोष्ट मात्र त्याही आधीची आहे, आणि ती जालन्यापासून सांगायला हवी. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मराठी धर्मांतरित ब्राह्मण. निजामाच्या मुलखात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली. पैसा उभा करायला ते समुद्रापार गेले. 1873 साली न्यूयॉर्कला भरलेल्या ख्रिस्ती परिषदेत ते बोलले होते. जमीन इथली, माणसं इथली, निधी बाहेरचा, आणि तो मागायला इथलाच माणूस तिकडं गेलेला. धर्मप्रसाराबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो, मागणारा इथला असला की कामाचा आकार इथल्या गरजेवर ठरतो, एवढं त्यात दिसतं.

जालन्याच्याच स्कॉटिश मिशननं शंभर वर्षांनी आणखी एक गोष्ट केली, जी आज आपण रोज बघतो आणि कोणाची म्हणून ओळखत नाही. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात पाऊस हुकला. परदेशी धर्मादाय पैशातून खडक फोडणारी बोअरची यंत्रं आली. बोअर झाले, पाणी लागलं, आणि मग हापसे मोडायला लागले. कारण साधं होतं. ते बिडाचे हापसे युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांतल्या धर्तीचे, एका कुटुंबानं दिवसातून चार-पाच वेळा हापसायचे. आपल्याकडं पहाटे चारला घागरींची रांग लागते ती रात्रीपर्यंत. दांड्याचे सांधे आठवड्यात खिळखिळे व्हायचे. मिशनच्या वर्कशॉपमध्ये पोलादाचा, एकाच खिळीवर फिरणारा दांडा असलेला हापसा तयार झाला. तो जालना पंप. सोलापूरच्या मिशनमधल्या एका हरहुन्नरी परदेशी मेकॅनिकनं तो आणखी सुधारला, तो सोलापूर पंप. युनिसेफनं त्यावरून 1970 च्या दशकात इंडिया मार्क टू बेतला. तोच हापसा पुढं आफ्रिकेतही गेला.

यात पैसा देणारे, यंत्र चालवणारे परदेशी, वेल्डिंग करणारे इथले आणि शेवटी नमुना ठरवून घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था, अशी चार पदरी भागीदारी होती. ती कोणी आराखडा काढून जमवलेली नव्हती. मोडलेल्या दांड्यानं जमवली.

तिकडं जगात तोवर स्वयंसेवक पाठवणं हे सरकारी काम झालं होतं. ब्रिटनमध्ये 1958 ला परदेशी स्वयंसेवक पाठवणारी व्हीएसओ ही संस्था सुरू झाली. 1 मार्च 1961 ला केनेडींनी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक दलाच्या आदेशावर सही केली आणि वर्षअखेरीला पहिली तुकडी पंजाबात उतरली. संयुक्त राष्ट्रांनी 1970 मध्ये आपला स्वयंसेवक कार्यक्रम मंजूर केला. इथे खर्चाची वाटणी पहिल्यांदा कागदावर आली. व्हीएसओच्या जुन्या रीतीत विमानभाडं पाठवणाऱ्यांचं, तर राहायची सोय आणि हातखर्च बहुधा यजमानाचा. म्हणजे 'फुकट' माणसाचा निम्मा खर्च यजमानाच्याच खिशातून. पीस कोअरमध्ये खर्चाचा मोठा भार अमेरिकन तिजोरीवर, त्यामुळं दोन सरकारांचं बिनसलं की स्वयंसेवकाचंही बिनसायचं. 1971 च्या युद्धानंतर तेच झालं. भारतात 4,000 हून अधिक पीस कोअर स्वयंसेवक येऊन गेले, शेवटचे 1976 साली.

मराठवाड्याला या लाटेचा फारसा वाटा मिळाला असं दिसत नाही. 17 सप्टेंबर 1948 नंतर निजामी राजवटीतून बाहेर पडलेला हा भाग 1956 ला मुंबई राज्यात आणि 1960 ला महाराष्ट्रात आला. औरंगाबादचं विद्यापीठच मुळी 1958 चं. परदेशी माणसाला ठेवून घेईल, त्याच्या नावानं पत्र लिहील, हिशेब देईल अशी नोंदणीकृत संस्था तालुक्याला एक सापडणं मुश्किल. 1972 च्या दुष्काळात बाहेरची मदत घरोघर पोचली ती धान्याच्या रूपानं. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी आमच्या आधीच्या पिढीच्या अजून तोंडात आहे, चवीसकट. पण मिलो पाठवणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही. धान्य आलं, संपलं. तेवढाच तो संबंध.

पीस कोअर गेली त्याच वर्षी, आणीबाणीत, परदेशी देणगी नियमन कायदा आला. सुरुवातीला रोख राजकीय पैशावर होता. 1984 च्या दुरुस्तीनं परदेशी पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला गृहखात्याकडं नोंदणी आणि त्यासाठी ठरावीक बँक खातं सक्तीचं झालं. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहियांनी 'मानवलोक' उभी केली ती याच दशकात, 1982 ला. जयप्रकाशांच्या आंदोलनातून तयार झालेली कार्यकर्त्यांची ही पिढी मोर्चे काढायला शिकली होती. आता तिला लेजर, म्हणजे हिशेबाची खातेवही, ठेवायला शिकावं लागलं. माझ्या मते मराठवाड्यातल्या भागीदारीच्या इतिहासात ही घटना जितकी मोठी आहे तितकी ती कोणी सांगत नाही. भाषणात लेजर शोभत नाही, म्हणून असेल.

शेजारी जामखेडला एक वेगळी वाट तयार होत होती. जामखेड नगर जिल्ह्यात, पण बीड-धाराशिवच्या शिवेला टेकलेलं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 ला तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अर्धशिक्षित, बऱ्याचदा दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. 1979 ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून लोक यायला लागले. आरोळ्यांनी त्यांना 'मदतीला' ठेवून घेण्यापेक्षा शिकायला बसवलं. पुढं 1990 च्या दशकात रीतसर प्रशिक्षण संस्था झाली. परदेशातला विद्यार्थी शुल्क भरून येतो आणि गावातली आरोग्यसेविका त्याला शिकवते. येणारा हात हा खर्च न राहता उत्पन्न झाला, आणि कोण कोणाला देतंय हेही उलटलं. निधी उभारणीच्या कार्यशाळांमध्ये बाकी सगळं शिकवतात. ही युक्ती मात्र मी तिथे कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

मग किल्लारीचा भूकंप.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. औसा आणि उमरगा तालुक्यांतली माती-दगडाची जाड भिंतींची घरं झोपेतच अंगावर आली. पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यानं कधी पाहिली नव्हती इतकी बाहेरची माणसं पाहिली. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग लागले. त्यात लोकरीचे कोट होते, ऑक्टोबरच्या उन्हात, लातूर जिल्ह्यात. ज्वारी काढणाऱ्या बाईनं त्या कोटाचं काय करायचं, हे पाठवणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही कोणाला विचारलं नव्हतं.

52 गावं नव्या जागी वसवायची ठरली. देशी-परदेशी संस्था, कंपन्या, ट्रस्ट यांनी गावं 'दत्तक' घेतली. त्या काळात शब्द असाच होता, आणि तो तेव्हा कोणाला खटकला नाही. एकेक गाव एकेका देणगीदाराच्या पसंतीचं झालं. चौकटीत आखलेल्या गल्ल्या, शहरी कॉलनीसारख्या. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, भावकी शेजारी राहील की नाही, हे प्रश्न घरं ताब्यात आल्यावर पुढं आले.

दुसरा भाग याहून मोठा आणि कमी बोलला गेलेला. पडलेली नाहीत पण तडकली आहेत अशी सुमारे 2 लाख घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. जागतिक बँकेचं 24.6 कोटी डॉलरचं कर्ज राज्य सरकारला मिळालं, पण घरमालकानं स्वतः उभं राहून दुरुस्ती करून घ्यायची, तर त्याला समजावणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावागावांतल्या बायकांना पुढं केलं. 'संवाद सहायक' हे त्यांचं पद. हजारावर गावांत या बायका कोपऱ्याचे दगड, आडवे पट्टे, सिमेंटचं प्रमाण समजावत फिरल्या. 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यांतल्या काही जणी तिकडं गेल्या. उमरग्याकडची बाई गुजराती बाईला सांगते आहे की मदतीची वाट बघू नका, आधी गट करा. सेरेसोल बिहारात आले होते ते याहून वेगळं काय होतं?

किल्लारीनं इथल्या संस्थांना परदेशी देणगीदारांची भाषाही शिकवली. प्रस्ताव, लॉगफ्रेम (उद्दिष्टं आणि त्यांची मोजमापं मांडणारा तक्ता), मूल्यमापन, 'स्थानिक हिस्सा'. हा शेवटचा शब्द सर्वांत कडक लागला तो भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात. पैसा जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचा, कारभार नाबार्डचा, काम गावाचं. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मगच निधी. जालना जिल्ह्यातलं कडवंची या कार्यक्रमातलं, मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या मदतीनं झालेलं. आज तिथल्या द्राक्षबागा बघायला बसगाड्या येतात. बागांच्या आधी तिथे लोकांनी शेळ्या डोंगरावर सोडायचं बंद केलं होतं, हे बसमधल्यांना सांगावं लागतं.

स्वयंसेवकांचं गणित याच सुमाराला पुन्हा बदललं. 2008 ला जर्मनीनं 'वेल्टवेर्ट्स' सुरू केलं: तरुणांनी साधारण वर्षभर विकसनशील देशांत काम करायचं, खर्चाचे 75 टक्क्यांपर्यंत सरकारचे, उरलेले पाठवणाऱ्या संस्थेनं जमवायचे. ती संस्था बहुधा त्या मुलालाच सांगते, ओळखीपाळखीतून देणगीदारांचं मंडळ जमव. आजी, शाळेतले शिक्षक, कोपऱ्यावरचा बेकरीवाला. म्हणजे आपल्याकडं आलेल्या पोराच्या मागं त्याच्या गावातली वर्गणी असते, आपल्या गणपतीसारखीच. हे कळलं की त्याच्याकडं बघायची नजर बदलते.

आपल्या बाजूचे नियम मात्र घट्ट होत गेले. 2010 च्या नव्या कायद्यानं परदेशी देणगीची नोंदणी पाच वर्षांची केली. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली, पहिलं खातं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडायला लावलं, आणि एका संस्थेनं परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद केलं. शेवटच्या कलमानं खेड्यातल्या संस्थांचं कंबरडं मोडलं. पुण्या-मुंबईची मोठी संस्था अर्ज करायची, त्यातला वाटा परभणी-हिंगोलीच्या छोट्या संस्थेला द्यायची. ती साखळीच तुटली. पैशांवर नजर ठेवायला हवी यात वाद नाही, पण नजर ठेवणं आणि नळ बंद करणं यात फरक आहे.

दुसरा दरवाजा 1 एप्रिल 2014 पासून उघडला, कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यायच्या नियमाचा, म्हणजे सीएसआरचा. मात्र तिथे स्वयंसेवकाच्या तासांची किंमत लावून ती खर्चात दाखवता येत नाही. आणि बहुतेक कंपन्यांना आपला पैसा आपल्या कारखान्याजवळ हवा असतो; वाळूजच्या कारखान्यांपासून भूम-परांडा लांब पडतं. व्हिसाचंही तसंच. ई-टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा जास्तीत जास्त एक महिना. त्यापुढं वेगळा व्हिसा, वेगळी पत्रं, आणि पाहुणा उतरला की 24 तासांत पोलिसांकडं ती नोंद, जिला वर्षानुवर्षं सगळे 'सी फॉर्म' म्हणत आले.

मी होतो त्या संस्थेत दोन परदेशी मुलं तीन महिने राहून गेली. हिशेब माझ्याकडं होता. खोली, मेस, जीपचं डिझेल, सिमकार्ड, विमा. पाठवणाऱ्या संस्थेनं प्रत्येक रकाना नीट भरला होता. त्या मुलांच्या मागंमागं सकाळी आठपासून फिरायची ती गावातली बी.ए. झालेली मुलगी. पाळीच्या तक्रारींपासून पीकविम्यापर्यंत सगळं तीच इंग्रजीत आणि परत मराठीत करायची. तिच्या नावाचा रकाना नव्हता. विचारलं तर संस्थेतून उत्तर आलं, "तीही स्वयंसेवकच आहे की." तिसऱ्या महिन्यात तिच्या वडिलांनी तिला कापूस वेचायला बोलावून घेतलं, कारण वेचणीला किलोवर रोख मिळत होते. उरलेले दिवस ती दोन मुलं बायकांच्या बैठकीत हसून माना डोलावत बसली.

नंतर एका नव्या प्रस्तावाचा मसुदा माझ्याकडं तपासायला आला. मी खर्चाच्या तक्त्यात सगळ्यात वर एक ओळ घुसवली: दुभाषी, मानधन, दरमहा. देणगीदारानं ती एका ईमेलमध्ये मान्य केली. आमच्या विश्वस्तांच्या बैठकीत तिच्यावर दीड तास चर्चा झाली.