भिडेपोटी दिलेला पंप

देवगडजवळच्या आमच्या आंब्याच्या बागेत मोहोरावर तुडतुडे दिसले, त्याच सकाळी शेजारी दारात उभा. "पंप व्हयो होतो." मी म्हणालो, "ने मरे." फवारणी चार दिवस लांबली, तुडतुड्यांच्या चिकट्यावर बुरशी धरली आणि मोहोर काळा पडला. महिनाभर मी शेजाऱ्याला बोल लावत होतो. पंप मात्र मीच दिला होता.

अशा माणसाला आपण 'भिडस्त' म्हणतो आणि स्वभावाला औषध नाही म्हणून सोडून देतो. पण ही भीड बरीचशी शिकलेली असते.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगाच्या पेटीतला उंदीर आठवा. पायाखालच्या जाळीतून सौम्य वीजप्रवाह वाहतो. दांडा दाबला की थांबतो. उंदीर दांडा दाबायला शिकतो. याला ऋण प्रबलन म्हणतात. पुष्कळजण त्याला शिक्षा समजतात, ते चूक. शिक्षेने वागणं कमी होतं, ऋण प्रबलनाने वाढतं. ऋण म्हणजे वजा: त्रास वजा होतो, म्हणून वागणं टिकतं. शेजारी उत्तराची वाट पाहत असताना होणारी छातीतली धडधड हा माझा वीजप्रवाह आणि "ने" हा माझा दांडा. सुटका क्षणात मिळते, नुकसान चार दिवसांनी कळतं; सवय जडते ती क्षणातल्या सुटकेमुळे.

खरी मेख पुढे आहे. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू या मेंदूच्या अभ्यासकांनी 1997 मध्ये मांडलं, की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी अपेक्षित बक्षीस आणि प्रत्यक्ष मिळालेलं बक्षीस यांतला फरक नोंदवतात. अंदाज चुकला, की शिकणं घडतं. भीतीच्या बाबतीतही अंदाज चुकण्याला असंच महत्त्व आहे. मी होकारच देत राहिलो, तर 'तो रागावेल' हा अंदाज चुकायला संधीच मिळत नाही.

म्हणून नकाराचा कौल देवाकडे मागणं किंवा सात दिवसांत आत्मविश्वास देणारं शिबिर गाठणं मला पटत नाही. अंदाज तपासायचा तर नकार आपल्याच तोंडून जायला हवा.

पुढच्या वेळी मी म्हणालो, "आज नाय, परवा ने." हात थरथरत होते. तो "बरा" म्हणाला आणि चहाला बसला.

जुनं शिकणं यानं पुसलं जात नाही. त्यावर नवं बसतं आणि तेही बरंचसं त्या जागेपुरतं, त्या माणसापुरतं. मुंबईच्या काकांचा आंब्याच्या पेट्यांसाठी फोन येईल, तेव्हा मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आहे.