कमांड लाइनवरील पासवर्ड प्रॉम्प्ट

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालणारा प्रोग्राम (क्लायंट) दूरच्या सर्व्हरशी बोलताना मध्येच थांबून युजरनेम आणि पासवर्ड विचारतो, त्या विचारणेला प्रॉम्प्ट म्हणतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट आणि सबव्हर्जन, दूरच्या संगणकावर लॉगिन करणारे एसएसएच, नेटवरून डेटा आणणारे कर्ल, डेटाबेसचे मायएसक्यूएल ही रोजच्या वापरातली उदाहरणे. दिसायला हा दोन ओळींचा मामला. पण समोर उत्तर द्यायला माणूस बसलाय की नाही, आणि मिळालेला पासवर्ड पुढे ठेवायचा कुठे, हे दोन प्रश्न क्लायंट लिहिणाऱ्याचा घाम काढतात.

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर सहसा काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. नवख्याला वाटते कीबोर्ड अडकला. एरवी टाइप केलेली अक्षरे पडद्यावर उमटवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमचा टर्मिनल ड्रायव्हर करतो; त्याला ‘इको’ म्हणतात आणि क्लायंट तो तेवढ्यापुरता बंद करतो. कागदावर छापणाऱ्या जुन्या टर्मिनलांवर हे नेहमी जमत नसे. मग मल्टिक्ससारखी सिस्टिम त्या जागी अक्षरांवर अक्षरे छापून काळा पट्टा तयार ठेवी आणि पासवर्ड त्या पट्ट्यावर टाइप होई. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत यासाठी ‘गेटपास’ हे फंक्शन होते. ते इको बंद करून थेट टर्मिनलवरून पासवर्ड वाचे, पण पहिली आठ अक्षरेच परत देई.

इको बंद असताना कुणी कंट्रोल-सी दाबले आणि क्लायंटने तो इशारा नीट हाताळला नाही, तर प्रोग्राम संपतो पण इको बंदच राहतो. पुढच्या आज्ञा चालतात, दिसत मात्र नाहीत. अशा वेळी न दिसताच ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane) ही टर्मिनल पूर्ववत करणारी आज्ञा टाइप करून एन्टर मारावे लागते. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. लांबलचक आज्ञा चालू असताना दुसऱ्या खिडकीत मराठीत निरोप लिहिला आणि कीबोर्ड देवनागरीवरच राहिला, तर परत आल्यावर पासवर्डही देवनागरीत जातो. काहीच दिसत नसल्याने ‘पासवर्ड चुकीचा’ एवढेच कळते. एसएसएच सहसा तीन वेळा विचारून नाद सोडते.

युजरनेम प्रत्येक क्लायंट विचारतोच असे नाही. सबव्हर्जन आधी संगणकावरचे लॉगिन नावच गृहीत धरून त्याचा पासवर्ड मागते. सर्व्हरवरचे नाव वेगळे असेल तर रिकामे एन्टर मारायचे. तो प्रयत्न फसला की मग ते युजरनेम विचारते. ही युक्ती कुणी सांगितल्याशिवाय सुचणे कठीण. एसएसएचही स्थानिक नाव धरून चालते, पण चुकले तरी नाव विचारत नाही. वेगळे नाव आज्ञेतच द्यावे लागते.

रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये प्रॉम्प्ट आला की काम तिथेच लटकू शकते, कारण उत्तर द्यायला कोणीच नसते. म्हणून शहाण्या क्लायंटमध्ये ‘विचारू नकोस, सरळ अपयशी हो’ असे सांगायची सोय असते: सबव्हर्जनमध्ये ‘नॉन-इंटरॅक्टिव्ह’, एसएसएचमध्ये ‘बॅचमोड’, गिटमध्ये २.३ आवृत्तीपासून शून्यावर ठेवायचा ‘गिट टर्मिनल प्रॉम्प्ट’ हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग). एसएसएच मुद्दामच स्टँडर्ड इनपुट (प्रोग्रामला माहिती पुरवण्याची नेहमीची वाट) सोडून थेट टर्मिनलमधून वाचते, त्यामुळे पाइपने, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामच्या आउटपुटमधून, पासवर्ड ढकलता येत नाही. त्यावर लोकांनी ‘एक्स्पेक्ट’ आणि ‘एसएसएचपास’सारखी अवजारे काढली. माणसाचे सोंग घेणारी ही अवजारे गरजेला ठीक आहेत, पण जिथे एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) वापरता येते तिथे त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आज्ञेच्याच ओळीत पासवर्ड लिहून टाकणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. ती ओळ शेलच्या (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हिस्ट्रीत राहते आणि चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी ‘पीएस’ आज्ञा चालवणाऱ्या दुसऱ्या वापरकर्त्यालाही दिसू शकते. मायएसक्यूएलमध्ये ‘पी’ या पर्यायाला पासवर्ड चिकटूनच लिहावा लागतो. मध्ये एक जागा सोडली की तो शब्द डेटाबेसचे नाव समजला जातो, पासवर्ड वेगळा विचारला जातो, आणि लॉगिन झाले तर ‘असा डेटाबेस नाही’ या चुकीत आपला पासवर्ड ठळक छापून येतो. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारे अवजार) आणि १.१० आवृत्तीपासून सबव्हर्जन पासवर्ड स्टँडर्ड इनपुटवरून घेण्याचा पर्याय देतात. स्क्रिप्टसाठी तो बरा.

राहिला साठवणुकीचा प्रश्न. सबव्हर्जन बरीच वर्षे युनिक्सवर पासवर्ड साध्या मजकुरात होम डिरेक्टरीत ठेवत असे. २००९ च्या १.६ आवृत्तीपासून ते आधी परवानगी विचारू लागले आणि २०१९ च्या १.१२ मध्ये ही सोय मुळातच बंद ठेवून बांधले जाऊ लागले. गिटने २०१२ मध्ये १.७.९ आवृत्तीत हे काम ‘क्रेडेन्शियल हेल्पर’ नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवले. गिट त्याला तीनच गोष्टी सांगते: दे, ठेव, पुसून टाक. सर्व्हरने पासवर्ड मान्य केला तरच ‘ठेव’, नाकारला तर ‘पुसून टाक’. त्यामुळे चुकीचा पासवर्ड घर करून बसत नाही. ‘कॅश’ हा हेल्पर पासवर्ड मेमरीत ठेवून ९०० सेकंदांनी विसरतो, ‘स्टोअर’ साध्या फाइलीत लिहून ठेवतो, तर मॅकवर कीचेन या पासवर्डांच्या तिजोरीचा आधार घेता येतो.

गिटचा कोड साठवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे थांबवले. एचटीटीपीएसवरून पुश करताना (आपला कोड सर्व्हरवर पाठवताना) प्रॉम्प्ट आजही ‘पासवर्ड’च म्हणतो, तिथे पेस्ट करायचे असते टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची, खात्यात तयार केलेली अक्षरांची मालिका. प्रॉम्प्टला यातले काही ठाऊक नसते, म्हणून अचूक पासवर्ड देऊनही नकार मिळाला की लोक गोंधळतात.

अलीकडे बऱ्याच क्लायंटनी टर्मिनलमध्ये पासवर्ड विचारणेच सोडले आहे. २०१९ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘डिव्हाइस फ्लो’ पद्धतीत क्लायंट एक पत्ता आणि छोटा कोड दाखवतो. वापरकर्ता फोनवरच्या ब्राउझरमध्येही तो पत्ता उघडून कोड भरू शकतो. तोवर क्लायंट दर काही सेकंदांनी, सर्व्हरने वेगळे सांगितले नसेल तर पाचांनी, मंजुरी मिळाली का ते विचारत राहतो. माणूस नसलेल्या स्क्रिप्टला मात्र याचा उपयोग नाही. तिला टोकन किंवा की आधीच द्यावी लागते.