उजवा झाला, डावा राहिला: मोतीबिंदूचं कोडिंग

मोतीबिंदू बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांत असतो पण ऑपरेशन सहसा एका वेळी एकाच डोळ्याचं करतात, तो डोळा बरा झाला की मग दुसऱ्याचा नंबर. घरच्यांना यात काही विशेष वाटत नाही, पण कागदावर मात्र इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मी पुण्यात बसून अमेरिकेतले डोळ्यांचे चार्ट कोड करते, म्हणजे डॉक्टरांनी जे लिहिलंय ते वाचून त्याला आजाराचा आणि ऑपरेशनचा ठरलेला नंबर लावायचा, त्या नंबरवर इन्शुरन्सचे पैसे मिळतात आणि पेशंटच्या रेकॉर्डमध्ये तो नंबर कायमचा राहतो.

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते बघू. डोळ्याच्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. त्वचेच्या जुन्या पेशी झडून जातात तशा भिंगातल्या जात नाहीत, नवे थर बाहेरून चढत राहतात, कांद्यासारखे, आणि अगदी मधल्या गाभ्यातल्या पेशी तुम्ही आईच्या पोटात असताना तयार झालेल्या असतात. या पेशींमध्ये केंद्रकच उरलेलं नसतं, त्यामुळे आतली क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं खराब झाली की नवी बनवायची सोय नाही. वयाबरोबर त्यांच्या गुठळ्या होतात, उजेड सरळ जायच्या ऐवजी विखुरतो, आणि आपण म्हणतो धुरकट दिसतंय.

पण भिंगाचा नक्की कुठला भाग खराब झालाय यावर त्रास ठरतो आणि कोडही. गाभा पिवळा पडून घट्ट झाला तर न्यूक्लिअर, यात भिंगाचा नंबर बदलतो आणि आजीला अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो, घरचे खूश होतात, पण ती मोतीबिंदूचीच खूण असू शकते. कडेकडून चाकाच्या आऱ्यांसारखे पांढरे पट्टे आत आले तर कॉर्टिकल, रात्री समोरच्या गाडीचा लाईट फुटल्यासारखा दिसतो. आणि मागच्या आवरणाला लागून डाग आला तर पोस्टेरिअर सबकॅप्सुलर, जो स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये जास्त दिसतो, यात उन्हात गेलं की बाहुली बारीक होते आणि डाग नेमका वाटेत येतो, म्हणून भर दुपारी कमी दिसतं.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही कोडची यादी लागू आहे. त्यात वयामुळे होणारा मोतीबिंदू म्हणजे एच२५, न्यूक्लिअर असेल तर एच२५.१, आणि त्यापुढचा आकडा डोळा सांगतो: एच२५.११ उजवा, एच२५.१२ डावा, एच२५.१३ दोन्ही. आधीच्या यादीत ३६६.१६ एवढाच नंबर होता, डावा-उजवा काही कळायचंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्येही एच२५.१ वरच थांबतात.

एक चार्ट बघा. डॉक्टरांनी लिहिलंय, ‘एनएस २+ ओयू, सीसी १+ ओडी’. एनएस म्हणजे न्यूक्लिअर, सीसी म्हणजे कॉर्टिकल, पुढचा आकडा तो किती वाढलाय ते सांगतो. ओडी उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही, हे लॅटिनवरून आलंय, आपले डॉक्टर त्याऐवजी आरई, एलई, बीई लिहितात. घाईत वाचणारा म्हणेल दोन्ही डोळ्यांत न्यूक्लिअर, लावा एच२५.१३. पण उजव्यात न्यूक्लिअर आणि कॉर्टिकल दोन्ही आहेत, तो मिश्र प्रकार, एच२५.८११, आणि डाव्यात नुसता न्यूक्लिअर, एच२५.१२. म्हणजे आजार दोन्ही डोळ्यांत असूनही ‘दोन्ही’चा कोड इथे येतच नाही.

आता दोन्हीकडे फक्त न्यूक्लिअर आहे असं धरा. उजव्याचं ऑपरेशन आज आहे. ऑपरेशनचा कोड (त्याची यादी वेगळी असते) ६६९८४ आणि त्याला आरटी, म्हणजे उजवा, असं जोडायचं, पण आजाराचा कोड एच२५.१३ च, कारण पेशंट टेबलावर आली तेव्हा मोतीबिंदू दोन्हीकडे होता. महिन्याने डाव्यासाठी आली तर एच२५.१३ चालणार नाही, उजव्यातलं ते भिंगच आता काढून टाकलंय, म्हणून एच२५.१२, आणि उजव्यात कृत्रिम भिंग आहे हे सांगायला झेड९६.१. आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत नियमांमध्ये हे समजवायला उदाहरणच मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं दिलंय. शिवाय पहिल्या ऑपरेशनच्या पैशात पुढच्या ९० दिवसांची देखभाल धरलेली असते, त्या आत दुसरा डोळा केला तर ७९ हा जोड लावून सांगावं लागतं की हे वेगळं ऑपरेशन आहे, नाहीतर क्लेम परत येतो.

खरी अडचण लिहिण्यात आहे. जुनी नोट कॉपी होते, तपासणीत लिहिलेलं असतं की उजव्यात लेन्स बसवलेली आहे आणि खाली निदानात ‘कॅटरॅक्ट ओयू’ तसंच राहतं. कोडरने मनाने दुरुस्त करायचं नसतं, डॉक्टरांना विचारायचं असतं. नुसतं ‘कॅटरॅक्ट’ लिहिलं तर पेशंट ८० वर्षांची असली तरी वयामुळे झालाय असं आम्ही धरू शकत नाही, ते एच२६.९ मध्ये जातं. मधुमेहाचं मात्र उलटं आहे, पेशंटला मधुमेह आणि मोतीबिंदू दोन्ही असतील आणि डॉक्टरांनी त्यांचा संबंध नाही असं लिहिलं नसेल तर नियम संबंध धरतो, टाइप २ साठी ई११.३६. आणि मेडिकेअरला, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला, नुसता नजरेचा आकडा पुरत नाही, चष्म्याने भागत नाही आणि रोजची कामं अडतायत, गोळ्यांच्या बाटलीवरचं वाचता येत नाही, रात्री गाडी चालवता येत नाही, असं नोटमध्ये यावं लागतं. माझ्या मते पूर्ण चार्टमधली सगळ्यात कामाची ओळ हीच, कारण तिथे पेशंट स्वतः बोलत असते.

हे मला घरीच अनुभवायला मिळालं. मावशीच्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डिस्चार्ज कार्डवर पुन्हा ‘बीई मोतीबिंदू’ आलं, मेडिक्लेमवाल्यांनी विचारलं की उजव्याचं तर आधीच झालंय ना, आणि एका अक्षरासाठी काका तीनदा हॉस्पिटलला गेले. वर्षभराने मावशीला उजव्यात परत धूसर दिसायला लागलं आणि ती घाबरली, मोतीबिंदू परत आला म्हणून. तो परत येत नाही, लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिचा मागचा पडदा गढूळ होतो, त्याचा कोडही वेगळा, उजव्यासाठी एच२६.४९१. लेझरने पडद्याला मधोमध खिडकी केली, काही मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर मी आधी कागद हातात घेतला, ‘आरई’ लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात.